व्रेतोसमामाची खुर्ची

अनेझिनामामीला जाऊन त्या रविवारी तीन वर्षं झाली, आणि तिच्या स्मरणप्रार्थनेत पाद्रीबाबांनी दोनदा चूक केली. पाद्रीबाबा महिन्यातून एकदा दोनशे किलोमीटरवरून येत. ऑस्ट्रेलियातल्या आडबाजूच्या मिलबाऱ्यात पोचेपर्यंत मागच्या गावचे मयत त्यांच्या डोक्यातून उतरलेले नसत. पहिल्यांदा त्यांनी 'अनास्तासिया' म्हटलं तेव्हा व्रेतोसमामाने पहिल्या बाकावरून, घंटेसारख्या आवाजात, "अनेझिना" अशी दुरुस्ती केली. दुसऱ्यांदा नाव घ्यायची वेळ आली तेव्हा पाद्रीबाबांनी आधी मामाच्या तोंडाकडे पाहिलं. मामाने भुवई उचलली. पाद्रीबाबा "अना" इथवर आले होते, तिथेच थांबले आणि बरोबर नावावर वळले.

त्याची भाची दियामांदा हे मागच्या बाकावरून बघत होती. देवाचा माणूससुद्धा मामाचं तोंड बघून बोलायला लागला म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं. आणि तिच्या पर्समध्ये पेटिफरबाईंचं पत्र होतं.

पेटिफरबाईंनी अर्ध्या मिलबाऱ्याला गणित शिकवलं होतं. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी गावात 'बाई' म्हटलं की त्याच. पत्रही त्यांनी उदाहरण सोडवून दाखवावं तसं लिहिलं होतं.

'प्रिय दियामांदा,

फेब्रुवारीपासून माझ्या चांगल्या पत्त्यांना एकदाही गिऱ्हाईक मिळालेलं नाही. तुझे मामा पत्ते उत्तम वाटतात. परंतु एखाद्याचा हात पैज लावायला चिप्सच्या ढिगाकडे गेला आणि हा आता हरणार असं मामांना वाटलं, की ते हळूच विचारतात, "नक्की?" तो लगेच पत्ते टाकतो आणि जिंकणाऱ्याला काही मिळत नाही. जिंकणाऱ्याला ते कधीही विचारत नाहीत. त्यांनी कुणाचे पत्ते पाहिलेले नसतात हे मी शपथेवर सांगेन. नुसत्या चेहऱ्यांवरून त्यांना कळतं आणि त्यांचा अंदाज चुकत नाही. परिणामी टेबलावर आता माझ्या तोंडाकडे कुणी बघत नाही, सगळे मामांच्या तोंडाकडे बघतात. ह्याला पोकर म्हणत नाहीत, ह्याला नवससायास म्हणतात. येत्या रविवारी दोन वाजता त्या खुर्चीत मामा असतील तर मी नसेन. गुरुवारच्या आमच्या आठजणीही नसतील. कळावे.'

गुरुवारच्या आठजणी म्हणजे हिरवळीवर गोळे सरपटवणाऱ्या क्लबातल्या बायका. त्या गेल्या की गुरुवार गेला. गुरुवार गेला की 'ऑलिंपिया'चे आठवड्यातले उरले दोन दिवस, आणि त्यातला एक पावसापाण्यावर अवलंबून.

'ऑलिंपिया' आधी कॅफे होता. ग्रीसहून आलेल्या दियामांदाच्या वडिलांनी, स्त्रातिसने, चाळीस वर्षं तिथे गावाला मिल्कशेक पाजले, आणि ते गेल्यावर अकरा वर्षं कुलूप होतं. मग गावातली बँक बंद पडली, काउंटरवरची दियामांदा पंचेचाळिसाव्या वर्षी घरी बसली, आणि एके दिवशी तिने जाहीर केलं की कॅफेत पोकरची खोली काढायची. परवान्याला चौदा महिने लागले. बंद पडलेल्या एका क्लबातून तीन टेबलं आली. त्यांच्यावरचं हिरवं कापड तिने स्वतः बदललं. पैशांऐवजी लावायच्या रंगीत चकत्यांचे, म्हणजे चिप्सचे, गठ्ठे मिल्कशेकच्या पेल्यांच्या फळीवर बसले. आई ग्रिगोरिया स्वयंपाकघर सांभाळू लागली. पहिल्याच महिन्यात तिच्या तळलेल्या गोळ्यांचं तेल पत्त्यांना लागून कुठला एक्का कुणाकडे गेला हे दुरून कळायला लागलं, तेव्हा 'काट्याने खावे' असा नियम फळ्यावर चढला. पत्ते प्लास्टिकचे होते. दर सोमवारी ग्रिगोरिया ते साबणाच्या पाण्यात धुऊन पंचावर वाळत घाली आणि बावन्न मोजून उचली.

फळ्यावर सगळ्यात वर एक नियम होता, आणि तो आईची अट होती: 'घरच्यांनी खेळायचे नाही.' ह्या अटीवरच तिने किल्ली दिली होती. का, ते घरात कुणी विचारत नसे.

मामाला पत्ते वाटणाऱ्याची खुर्ची मात्र मिळाली, कारण वाटणारा खेळत नसतो. मामी गेल्यानंतर तो दिवसदिवस पायजम्यात बसून रेडिओवर पावसाचे आकडे ऐकत असे. दियामांदाने त्याच्या हातात पत्ते दिले आणि तो दुसऱ्या दिवशी दाढी करून, टाय बांधून, पाऊण तास आधी हजर झाला. तेव्हापासून एकदाही चुकला नव्हता.

आता त्याला ती खुर्ची सोड म्हणून सांगायचं होतं. मामीच्या वर्षदिनाला. जेवणानंतर आणि दोनच्या आत.

* * *

मामा चर्चच्या फाटकाशी उभा राहून कोलिवा वाटत होता. उकडलेले गहू, साखर, डाळिंब, बदाम, सगळं कागदी पुड्यांत. मयताच्या नावाने तो ओळखीच्याला द्यायचा असतो, पण मामा रस्त्याने जाणाऱ्या गाड्या थांबवून देत होता. म्हणजे अर्धा तास तरी तो यायचा नव्हता.

"ते पत्र इकडे आण," ग्रिगोरिया म्हणाली.

'ऑलिंपिया'त मधल्या टेबलावर फळी टाकून, पांढरी चादर घालून जेवणाची तयारी केली होती. ग्रिगोरियाने पत्र दोनदा वाचलं. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून आजतागायत कुणाला काही कळलेलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

"बाईंचं बरोबर आहे. काढ त्याला," ती म्हणाली.

"आई!"

"आई काय? लहानपणापासून असाच. आमच्या बेटावर बकरा कापायला न्यायचे, तर हा बकऱ्याच्या कानात जाऊन सांगायचा."

"तुझा भाऊ आहे तो!"

"म्हणून तर मला माहीत आहे."

दियामांदाने आशेने भावाकडे पाहिलं. कोझमास सिडनीत दंतवैद्य होता. इमारतीत त्याचा अर्धा वाटा होता आणि पोकरच्या खोलीला तो फोनवर 'तुझा अड्डा' म्हणत असे. तो माशातला काटा शोधावा तसं पत्र उजेडात धरून बघत होता.

"धंदा म्हणजे धंदा, दियामांदा," तो म्हणाला. "माझ्या दवाखान्यात मदतनीस बाई पेशंटला 'नक्की काढायचा का दात?' असं विचारायला लागली तर मी काय करू?"

"तुझा दवाखाना निम्मा रिकामा होईल."

"तेच म्हणतोय मी."

"मामा घरी बसून काय करेल, त्याचा विचार कुणी केलाय? परत पायजमा! परत पावसाचे आकडे!"

"त्याला दुसरं काहीतरी दे. दारावर उभा कर."

"दारावर? तो येणाऱ्यालाच विचारेल, नक्की आत जायचंय का म्हणून!"

कोझमास हसला. ग्रिगोरिया हसली नाही. ती काटे-चमचे मांडत राहिली, आणि मांडता मांडता, मीठ मागावं तशा सुरात म्हणाली, "ट्रक विकला नव्हता त्याने."

"कुठला ट्रक?" कोझमासने विचारलं.

"मामाचा. फळांचा. तुमच्या बाबांनी तुम्हाला सांगितलं की विकला. विकला नव्हता. त्या मागच्या खोलीत गेला, एका डावात. चौऱ्याहत्तर साल. तू सात वर्षांचा होतास, तुला गोवर होता."

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. ती लहान असताना मामा स्वतःच्या ट्रकमधून संत्री आणत असे, आणि मग एकदम दुसऱ्यांचे ट्रक चालवायला लागला, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

"लोकरीचा एक व्यापारी आला होता बाहेरून," ग्रिगोरिया म्हणाली. "मी कॉफी घेऊन आत गेले. एकदा टेबलाभोवती बघितलं आणि मला कळलं. त्या माणसाकडे पत्ते होते. व्रेतोकडे नव्हते. तुमच्या बाबांनाही कळलं होतं. आपले पत्ते टाकून ते मोकळे बसले होते. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं... दुसऱ्याच्या डावात बोलायचं नाही. घरचा नियम. मी कप खाली ठेवला आणि बाहेर आले."

तिने शेवटचा चमचा सरळ केला.

"त्या रात्री व्रेतोला मी शपथ घालून पत्ते सोडायला लावले. त्याने सोडले. मला एका शब्दाने विचारलं नाही, तू का नाही बोललीस म्हणून."

कोझमास उठला आणि खिडकीपाशी गेला. रस्त्यापलीकडे धान्याच्या कोठारांवर पोपटांचा थवा बसला होता. सिडनीला शिकायला निघाला तेव्हा मामाने त्याला स्टेशनवर सोडलं होतं, दुसऱ्याच्या ट्रकमधून, आणि उतरताना खिशात वीस डॉलर कोंबले होते. ते वीस डॉलर कुठून आले असतील, हा विचार त्याने एकेचाळीस वर्षांचा होईपर्यंत केला नव्हता.

"मामा राहील," तो वळून म्हणाला.

"अरे, आत्ता तर म्हणालास धंदा म्हणजे धंदा!"

"मी दंतवैद्य आहे, मला धंद्यातलं काय कळतं? एका माणसाला वेळेवर कुणी विचारलं नाही, म्हणून तो आता सगळ्यांना विचारतो. त्याला तू काढणार? इमारत अर्धी माझी आहे. माझ्या अर्ध्यात त्याची खुर्ची ठेव."

"आणि गुरुवार?"

"गुरुवारचं मी बघतो. मी येईन."

"सिडनीहून? आणि आठजणींच्या जागी एकटा बसशील?"

ग्रिगोरियाला एकटं पडणं कधीच मानवत नसे. तिने पदर खोचावा तसा एप्रन आवळला. "मग मीही म्हणते राहू दे," ती म्हणाली. "माझा भाऊ आहे. त्याला काढणारी ती शाळामास्तरीण कोण?"

आता पंचाईत दियामांदाची झाली. मघापासून ती एकटी मामाच्या बाजूने भांडत होती, आणि भांडता भांडता समोरच्यांचं म्हणणं तिला पटलं होतं.

"पण तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं," ती म्हणाली. "खोलीच राहिली नाही तर खुर्ची कुठे ठेवू?"

दार वाजलं. मामा आत आला. टोपी काढली, हातावरची साखर झटकली.

"एकशे चाळीस पुड्या," तो म्हणाला. "एक पोलीसवाल्याला दिली. मेथडिस्ट आहे, आपल्या पंथाचा नाही, पण भूक लागली होती त्याला."

* * *

जेवताना मामाच्या ताटात माशाचे तीन तुकडे आले. डोक्याकडचा भाग, ज्यावरून ह्या घरात मागच्या पिढीत दोन वर्षं अबोला झाला होता, तोही त्यालाच. कोझमासने न मागता त्याच्या पेल्यात ब्रँडी ओतली. ग्रिगोरिया म्हणाली, "टाय छान आहे."

मामाने काटा खाली ठेवला. "आणखी कोण मेलंय?"

"कुणी नाही, मामा. खा ना."

"ग्रिगोरिया मला छान म्हणाली. एकसष्ट साली जहाजातून उतरलो तेव्हापासून पहिल्यांदा."

ग्रिगोरियाने मीठ पुढे केलं. मामा खाली बघून खात राहिला. त्याला सगळं दिसत होतं. भाचीची एक पापणी लवत होती. ती लहानपणी खोटं बोलण्याआधी लवत असे, आता खरं बोलण्याआधी लवत होती. भाचा त्याच्या नजरेला नजर देत नव्हता. बहिणीच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, पण तिने तीनदा मीठ पुढे केलं होतं. सांगा ना, तो मनात म्हणत होता. ते कठीण काम माझ्याच्याने होत नाही, म्हणून तर तुमच्यावर सोडलं. मासा संपला. कॉफी आली. मामीच्या नावाने "देव तिला क्षमा करो" म्हणून झालं. दीड वाजला. चादर निघाली, फळी निघाली, हिरवं कापड दिसायला लागलं. मामा हात धुऊन आला आणि सवयीने खुर्चीत बसला. पत्ते पिसताना त्याचे हात नेहमीसारखे चालत नव्हते, हे टेबलावर दुसऱ्या कुणाचं झालं असतं तर त्याने लगेच ओळखलं असतं.

पावणेदोनला माणसं यायला लागली. पेट्रोलपंपवाला, दोघे कापूसवाले भाऊ, नर्सबाई. दोनला दहा मिनिटं असताना पेटिफरबाई आल्या. त्यांनी कोट काढला नाही. दारात उभ्या राहून त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, मग दियामांदाकडे.

दियामांदा काउंटरमागून बाहेर आली. तिची पापणी आता लवत नव्हती.

"बाई," ती म्हणाली, "तुमचं पत्र अक्षरन् अक्षर खरं आहे. पण मामा तिथेच बसतील. मला जमायचं नाही. तुम्ही गेलात तर मला फार वाईट वाटेल, आणि बहुतेक नाताळपर्यंत ही खोलीही जाईल. जाऊ दे. पत्ते वाटायला मामा नसतील तर उघडून तरी काय करू?"

कोझमासने आईचा हात धरला. आईने तो झटकला, पण हळू.

पेटिफरबाईंनी सुस्कारा सोडला. तो दियामांदासाठी नव्हता.

"मी म्हटलं होतं ना तुम्हाला," त्या मामाला म्हणाल्या, "ही पोरगी काही करायची नाही म्हणून. आणखी कडक लिहूया म्हटलं, तर तुम्हीच 'उत्तम वाटतात' घाला म्हणालात."

दियामांदा एकदा बाईंकडे आणि एकदा मामाकडे बघत राहिली. "मामा?"

मामाने पत्ते खाली ठेवले, कडा जुळवल्या.

"नवससायास तिचं स्वतःचं आहे," तो म्हणाला. "बाकीचं आम्ही दोघांनी मिळून लिहिलं. तिच्या स्वयंपाकघरात. तीन संध्याकाळी लागल्या."

"तू स्वतःला काढायचं पत्र लिहून घेतलंस?"

"मग काय करू? तीनदा आपणहून उठलो मी. आठव. तीनदा तू म्हणालीस, मामा, तुझ्याशिवाय चालायचं नाही. आणि मला तोंड आवरत नाही, दियामांदा. जीभ दाताखाली धरून बघितली. लिमलेटच्या गोळ्या चघळून बघितल्या. समोर माणूस खड्ड्यात चाललेला दिसतो आणि शब्द बाहेर पडतो. मला रोज दिसतंय, मी तुझी खोली बुडवतोय. म्हटलं, घरची माणसं माया करतात, त्यांच्याच्याने होणार नाही. परक्या माणसानं हाकललेलं बरं."

"मी परकी नाही," पेटिफरबाई म्हणाल्या. "मी गिऱ्हाईक आहे."

मामा उठला. खुर्ची आत सरकवली. टाय सैल केला आणि टोपी शोधू लागला. टोपी त्याच्या हातातच होती. दियामांदाला कळलं की तो आता घरी जाणार, आणि कोणत्या खोलीत जाऊन कोणत्या रेडिओसमोर बसणार तेही. तिला रडू यायला लागलं.

"आता पत्ते कोण वाटणार?" पेट्रोलपंपवाल्याने विचारलं. त्याला साडेचारला पंप उघडायचा होता.

ग्रिगोरियाने एप्रनला हात पुसले. काउंटरमागून आली, मामाची खुर्ची ओढली आणि बसली. गठ्ठा उचलून तिने तो पिसला, कापला आणि एका हाताने टेबलावर पंख्यासारखा पसरला. चौतीस वर्षांत तिला पत्ते हाताळताना कुणी पाहिलं नव्हतं, धुताना सोडून. सोमवारी ती बराच वेळ लावते हे दियामांदाच्या लक्षात आलं होतं, पण त्याचा दोष तिने साबणाला दिला होता.

"व्रेतो, टोपी खाली ठेव," ग्रिगोरिया म्हणाली. "चार नंबरची जागा रिकामी आहे. बस."

मामाने फळ्याकडे बोट केलं. "घरच्यांनी..."

"नियम मी केला होता. मी वाचला आहे."

"आणि शपथ?"

"तीही मीच घातली होती." तिने वर पाहिलं नाही. "बस म्हटलं ना. दोन वाजले."

* * *

वीस डॉलर भरून मामा पेटिफरबाईंच्या समोर बसला. बाईंनी कोट काढला. ग्रिगोरियाने प्रत्येकाला दोन-दोन पत्ते दिले. तिच्या चेहऱ्यावर समोरच्या कोऱ्या भिंतीएवढंही लिहिलेलं नव्हतं, आणि पहिल्यांदाच सगळ्यांना एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागलं.

त्यातला एक चेहरा मात्र उघडं पुस्तक होता. मामाने आपल्या पत्त्यांचं टोक उचललं आणि त्याचे कान लाल झाले. त्याने पत्ते ठेवले, पुन्हा पाहिले, घसा खाकरला, छताकडे बघून बेफिकीर दिसायचा प्रयत्न केला आणि शीळ घातली. बावन्न पत्त्यांच्या खेळात एवढा आनंद फक्त एकाच जोडीने होतो.

"सगळे," म्हणून त्याने ढीग पुढे ढकलला.

पेट्रोलपंपवाल्याने पत्ते टाकले. कापूसवाल्या भावांनी टाकले. नर्सबाईंनी राजांची जोडी टाकली, असं त्या पुढे वर्षभर सांगत होत्या. जोडी एक्क्यांची, डाव पहिला, आणि मिळणार होते अवघे दोन-चार चिप्स. चौतीस वर्षांनी आलेल्या पत्त्यांना गिऱ्हाईक नाही. मामाने टेबलभर पाहिलं. त्याच्या कानांचा रंग उतरायला लागला.

शेवटचा निर्णय बाईंचा होता. त्यांनी आपले पत्ते बघितले, मामाकडे बघितलं आणि आपला सगळा ढीग पुढे सारला.

सगळे पुढे ढकलले की दोघांनी पत्ते उलटायचे असतात. मामाचे दोन एक्के. बाईंची एक सत्ती आणि एक दुर्री, दोन्ही वेगवेगळ्या रंगांची. ह्याहून टाकाऊ पत्ते हातात येतच नाहीत.

"बाई, हे काय?" मामा म्हणाला.

"मला वाटलं, तुम्ही थाप मारताय," पेटिफरबाई म्हणाल्या. अडतीस वर्षं गणित शिकवलेल्या बाई चक्क खोटं बोलल्या, आणि एरवी एकेका चिपवरून भांडणाऱ्या त्या टेबलावर कुणालाही त्यात काही गैर वाटलं नाही. ग्रिगोरियाने एकवार बाईंकडे पाहिलं, आणि टेबलाच्या मधोमध ती पाच पत्ते उघडायला लागली, जे दोघांच्याही हातात धरायचे असतात.

तीन पत्ते आले. राणी, चौका, सत्ती.

"अरे देवा," बाई म्हणाल्या.

चौथा, गुलाम. पाचवा ग्रिगोरियाने नेहमीच्याच गतीने उलटला. सत्ती.

बाईंच्या तीन सत्त्या झाल्या, एक्क्यांच्या जोडीला भारी. बाईंचे दोन्ही हात तोंडावर गेले. "मला नको होतं," त्या म्हणाल्या. "ऐका, मला हे नको होतं! हा डाव धरूच नका!"

"धरायचा," मामा म्हणाला. मग त्याचे खांदे हलायला लागले, आणि दियामांदा काउंटरमागून धावत आली तेव्हा तिला दिसलं की तो हसतोय. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, टेबलाची कड धरून, मामी गेल्यापासून हसला नव्हता तसा. "एक्के! कोझमा, पाहिलंस का? एक्के होते माझ्याकडे! माझं काही चुकलं नव्हतं, तरी हरलो!" त्याने आपला ढीग दोन्ही हातांनी बाईंकडे लोटला. "घ्या बाई, घ्या. घ्यायलाच पाहिजे. नियम आहे."

पहिल्या तासात पुन्हा पैसे भरून बसता येत असे. मामाचा हात खिशाकडे गेला, वाटेत थांबला, आणि त्याने बहिणीकडे पाहिलं.

"नाही," ग्रिगोरिया म्हणाली. "आठवड्याला एकदाच. आत भांडी पडली आहेत, ती घास. कॉफी टाक सगळ्यांना. पुढच्या रविवारी पावणेदोनला ये."

"दीडला येतो."

"पावणेदोन. उगाच लवकर येऊन माझ्या डोक्याशी बडबड नको."

मामाने कोट काढला, बाह्या दुमडल्या आणि आत गेला. ग्रिगोरियाने पत्ते गोळा करून पिसले. पेटिफरबाई समोरचा दुप्पट ढीग कुठे ठेवावा हे न कळून बसल्या होत्या.

"लॉर्ना," ग्रिगोरिया खालच्या आवाजात म्हणाली. बाईंचे यजमान गेल्यापासून त्यांना नावाने हाक मारणारं गावात कुणी नव्हतं, आणि ग्रिगोरियानेही आजवर मारली नव्हती. "रविवारचं जेवण साडेबाराला असतं."

आणि तिने पुढचे पत्ते वाटायला घेतले.